लाल डब्यातला काठ

गोधडी शिवायला बसलो तेव्हा घरात मोजपट्ट्या सात होत्या आणि कापड एकच होतं. बायको म्हणाली, "अहो, हे उलटं पाहिजे होतं." तिचं बरोबर होतं, पण ते मला पटायला दोन महिने लागले.

माझी सगळी नोकरी चितेगावच्या एका कारखान्यात मापं तपासण्यात गेली. लोखंडाचे सुटे भाग यायचे, मी ते मोजायचो आणि केसभर फरक निघाला तरी लाल डब्यात टाकायचो. लाल डबा म्हणजे नापास माल. तो फेकायचा नाही, भंगारातही घालायचा नाही. त्याचं काय करायचं ते ठरेपर्यंत तसाच ठेवायचा. दुसरा नियम असा, की एका मापानं मोजलं की दुसऱ्या मापानं ताडून बघायचं. इतकी वर्षं हे केल्यावर माणूस रिटायर होतो, पण त्याचा डोळा होत नाही. हॉटेलात टेबल तिरकं असलं तर मला चहा जात नाही. घरात मला तिरसट म्हणतात. म्हणोत बापडे.

यंदा संक्रांतीनंतर सोयगावला आक्काकडं गेलो होतो. आक्का माझी थोरली बहीण, माझ्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी दीड-दोन वर्षांचा होतो. मला न्हाऊ-माखू घालून वाढवलं ते आक्कानंच. आता तिच्या डोळ्यांत काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली टिकेल तेवढी टिकवायची, असं डॉक्टरांनी सांगितलंय. ती अजून चूल सारवते, भाकरी करते, पण माणूस ओळखायला त्याच्या आवाजाची वाट बघते.

त्या दिवशी जेवण झाल्यावर तिनं पेटी उघडली, हातानं चाचपत तळाशी गेली आणि एक घडी काढून माझ्या मांडीवर ठेवली. जांभळं सुती लुगडं, आता राखेच्या रंगाला आलेलं, तांबडा काठ.

"आईचं एवढंच ऱ्हायलंय," ती म्हणाली. "अर्ध्याची तुझी दुपटी झाली, अर्धं ठिवलं. म्या गोधडी शिवणार हुते. आता सुई दिसंना. तू शिव."

"मी?"

"मापं घ्यायची नोकरी हुती ना तुझी?"

"ती लोखंडाची गं."

"मंग आता कापडाची घे. अन् मला दिसतंय तवर आण."

नाही म्हणायची सोय नव्हती. आणि खरं सांगायचं तर मला नाही म्हणायचंही नव्हतं. आईचा फोटो नाही. तिचा चेहरा, आवाज, चालणं, मला काहीच आठवत नाही. लहानपणापासून मी आक्काला विचारत आलो, "आई कशी होती?" आणि तिचं उत्तर ठरलेलं, "आईसारखी." ते म्हणताना ती दुसरीकडं बघायची, म्हणून मी पुढं कधी खोदून विचारलं नाही. आता आईची एकमेव वस्तू माझ्या पिशवीत होती आणि मला तिच्यावर कात्री चालवायची होती. चुकलं तर दुसरं लुगडं कुठून आणणार? आणि उशीर केला तर आक्काला ते दिसणार नाही. बसमध्ये सगळा रस्ता मी पिशवी मांडीवर धरून बसलो.

घरी आल्यावर कापायच्या आधी मी लुगड्याची तपासणी केली. गच्चीवर चादर अंथरून त्यावर ते पसरलं आणि भिंग घेऊन एका टोकापासून सुरुवात केली. बायको वाळवणाला वर आली, मला ओणवा बघून म्हणाली, "आता लुगड्यालाही नापास करणार का?" मी भिंग तसंच पुढं सरकवलं, कारण मला गंमत वाटायला लागली होती. कापड जिथं जिथं झिजलं होतं, तिथं तिथं काहीतरी घडलेलं होतं. डोक्यावर येत असावा तो पट्टा नुसती जाळी झाला होता, म्हणजे ओझं वाहायची. एका जागी ठिणग्यांची बारीक भोकं होती. पदराच्या एकाच कडेला हात पुसून पुसून धागे विरले होते. मी पदर खांद्यावर घेऊन बघितला, पुन्हा घेतला, आणि ती कड दर वेळी माझ्या डाव्या हातात आली.

मी तिथूनच आक्काला फोन लावला. "आक्का, आई डावरी होती का गं?"

 ती म्हणाली, "व्हय. डावऱ्या हातानं भाकरी थापायची. तुला कुणी सांगितलं?"

"लुगड्यानं."

मीही डावरा आहे. शाळेत त्यापायी हातावर छड्या खाल्ल्या आहेत. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की हा हात कुणाचा. गच्चीवर पदर खांद्यावर घेऊन मी रडलो, आणि बायकोनं ते बघितलं, आणि ती वाळवण न उचलताच खाली गेली.

एका काठाला मात्र एक फार वाईट जागा होती. काठ उभा फाटलेला आणि त्यावर कुणीतरी जाड दोऱ्यानं वेडेवाकडे टाके घातलेले. गोळा झालेला, फुगलेला, हाताला टोचणारा. मी वहीत लिहिलं, "काठ, खराब, अडाणी शिलाई," आणि पुढं गेलो.

आता पट्ट्यांकडं वळलो. मोबाइलवर गोधडीचे व्हिडिओ बघितले. परदेशातल्या बायका पारदर्शक पट्टी कापडावर ठेवून, गोल पात्याचा कटर सुर्रकन फिरवून, एका मिनिटात आठ चौकोन पाडायच्या. मला पट्टी पाहिजे होती, पण कुठली? घरात लाकडी फूटपट्टी होती, तिचं पहिलं टोक झिजलेलं. बायकोच्या शिलाई मशीनच्या खणात टेप होता. माझ्या जुन्या स्टीलच्या पट्टीशी लावून बघितला तर साठ इंचांत पाऊण इंच ताणलेला. बायको म्हणाली, "तरीच माझी सगळी ब्लाउजं ढगळ व्हायची." मी म्हणालो, त्यात टेपचा दोष थोडाच आहे. त्या दिवशी मला भाजीत मीठ जास्त लागलं.

मग स्टीलची पट्टी खिशात घालून क्रांती चौकात गेलो. स्टेशनरीच्या दुकानात प्लास्टिकच्या पट्ट्या काउंटरवर ओळीनं मांडायला लावल्या आणि एकेक ताडून बघायला लागलो. दुकानदारानं तोवर दोन गिऱ्हाइकं उरकली. शेवटी म्हणाला, "काका, शाळेत कोण जातंय?"

"मीच," मी म्हणालो. त्याच्या नव्या कोऱ्या अकरा पट्ट्यांपैकी एकमेकींशी जुळणाऱ्या दोनच निघाल्या. तो म्हणाला, इतकी वर्षं झाली, कुणी तक्रार केली नाही. मी दोन्ही घेतल्या. पुढं एका हार्डवेअरवाल्याकडून काटकोन्या आणला, आणि शेवटी ऑनलाइन ती पारदर्शक जाड पट्टी मागवली, चौकटी आखलेली. ती आली त्या दिवशी मी ती लुगड्यावर ठेवून नुसता बघत राहिलो. खालचे आडवे-उभे धागे स्वच्छ दिसत होते. फक्त पट्टीवरची रेघ स्वतःच जाड होती. कापायचं ते रेघेच्या अलीकडं, पलीकडं, की मधोमध? व्हिडिओतल्या बायकांना हा प्रश्न पडलेला दिसत नव्हता.

बेत असा होता. आईच्या लुगड्याच्या धड उरलेल्या भागातून निघतील ते अठ्ठेचाळीस चौकोन, बाबांच्या जुन्या धोतराचे अठ्ठेचाळीस, एकाआड एक. सहा इंचांचा चौकोन, शिवणीसाठी अर्धा इंच जास्त. आक्का उंच आहे, तिची खाट भरेल एवढी गोधडी होणार होती. खालच्या थराला तिच्याच जुन्या साड्या होत्या. काठ जाड असतो, बारीक कापडाला ओढतो, म्हणून आधी दोन्ही बाजूंचे काठ कापून टाकले. ते तुकडे मी लाल झाकणाच्या बिस्किटाच्या डब्यात ठेवले. का, असं कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. नापास माल फेकायचा नसतो, एवढंच.

मग मी चौकोन कापले, पारदर्शक पट्टीनं. आणि नियमाप्रमाणे स्टीलच्या पट्टीनं ताडून बघितले.

अठ्ठेचाळीसातले एकतीस चुकलेले निघाले. कुठं कणभर जास्त, कुठं कोपरा कललेला. काटकोन्या लावून कोपरे छाटले. छाटल्यावर एक बाजू लहान झाली, म्हणून दुसरी छाटली. दुसऱ्या दिवशी सगळे पुन्हा प्लास्टिकच्या पट्टीनं मोजले तर पुन्हा फरक. जुनं कापड रात्रीत आपोआप अंग चोरतं की हात लावला की पसरतं, ते मला समजेना, पण समजून घ्यायची हौस भारी होती. मी चौकोन सकाळी मोजले, दुपारी मोजले, इस्त्री करून मोजले. प्रत्येक वेळी छाटले. बायको म्हणाली, "अहो, दाढी करताय का कापड कापताय?" मी तिला सांगितलं, सगळे सारखे झाले की थांबेन. सगळ्यांत लहान असेल त्याच्या बरोबरीला बाकीचे आणले पाहिजेत, हे तर सरळ होतं.

आठ दिवसांनी ते सारखे झाले. साडेपाच इंच. धोतराचेही मग त्याच मापाचे कापले. मी फार खूश होतो.

समोरच्या घरात एक भाभी राहतात. त्यांचं शिलाईचं दुकान घरातच आहे, पुढच्या खोलीत. आमचा डबा परत द्यायला आल्या होत्या. मी त्यांना चौकोनांची थप्पी दाखवली. त्यांनी वरचा उचलला, उजेडात धरला, अंगठ्यानं चारी कडा दाबून बघितल्या.

"अच्छे कटे हैं," त्या म्हणाल्या. "कौनसी पट्टी से काटे?"

मी सातही पट्ट्या दाखवल्या आणि कुठलीनं कापलं, कुठलीनं ताडलं, कुठलीनं छाटलं, ते सगळं सांगितलं. भाभींनी खुर्ची ओढून घेतली.

"भाईसाब, कपडा है. लोहा नै है," त्या म्हणाल्या. "इसकू इधर से दबाओ तो उधर जाता. एकीच पट्टी पकडना होता. गलत रही तो रहने देना. सब चौकोन एक जैसे गलत हुए तो गोधडी सीधीच बनती."

त्या स्वतः काय वापरतात ते मी विचारलं. त्यांनी घरून आणून दाखवलं. एका जुन्या लग्नपत्रिकेचा पुठ्ठा, चौकोनी कापलेला, कडा हात लागून लागून गुळगुळीत झालेल्या. तो किती इंच आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं. मी मोजू का विचारलं, तर त्यांनी तो पदराखाली घेतला.

चूक कुठं झाली ते मला त्या क्षणी कळलं. कारखान्यात दुसऱ्या मापानं ताडायचं ते चूक पकडायला. इथं प्रत्येक नवी पट्टी नवी चूक घेऊन यायची आणि मी आईचं लुगडं छाटून ती मिटवत बसलो होतो. चारी बाजूंनी मिळून मी किती कापड घालवलं होतं, ते मोजायची मला हिंमत झाली नाही. भाभी गेल्यावर मी जेवलो नाही. बायकोनं एक शब्दही टोमणा मारला नाही, त्यावरून तिलाही वाईट वाटलंय हे समजलं.

तरी पुढं गेलोच. मशीनला तेल घातलं, पट्टा बदलला, आणि एकच पट्टी, ती पारदर्शकच, टेबलावर ठेवून बाकीच्या सहा माळ्यावर टाकल्या. चौकोन जोडत गेलो. ते मात्र असे जुळले की कोपऱ्याला कोपरा बसला. सगळं जोडून झाल्यावर भाभींना बोलावलं. आम्ही तिघांनी ते पलंगावर पसरलं. पाच फूटसुद्धा जेमतेम. आक्काचे पाय उघडे राहिले असते.

इकडं आक्काचे फोन यायचे. एकदा म्हणाली, "कालपासून दिव्याभोवती गोल गोल दिसतंय." काही मागत नव्हती, नुसतं सांगत होती. मी म्हणालो, झालीच आहे, येतोच.

भाभी पलंगाभोवती फिरून आल्या आणि म्हणाल्या, "इसका काठ किधर है?"

"काढलाय. वाकडा होता."

"लुगडे का काठ निकाल दिए?" त्यांनी बायकोकडं बघितलं. बायकोनं माझ्याकडं. मग ती आत गेली आणि लाल झाकणाचा डबा घेऊन आली.

तुकडे काढून चारी बाजूंना मांडून बघितले. कुठला अडीच बोटं रुंद, कुठला तीन, कुठला मध्येच आत गेलेला. मी सवयीनं पट्टी उचलली, तर भाभींनी ती माझ्या हातातून घेतली आणि खिडकीत ठेवली. "अब जैसा है वैसा," त्या म्हणाल्या. तीन बाजू पूर्ण झाल्या. चौथीला टाकेवाला तो खराब तुकडा सोडून सगळे लावले तर वीतभर जागा उघडी राहिली. तो तुकडा मी पहिल्यापासून बाजूला ठेवला होता. धोतराची पट्टी लावू, असं मी म्हणालो. भाभी म्हणाल्या, "जितना उनका है उतना लगा दो." शेवटी लावला. पण पायाकडच्या बाजूला, कोपऱ्याजवळ, जिथं कुणाचं लक्ष जाणार नाही तिथं. मग तीन आठवडे रोज सकाळी बसून हातानं धावदोरा घातला, डाव्या हातानं, आणि एकदाही मोजलं नाही.

सोयगावला पोचलो तेव्हा ऊन होतं. आक्कानं दारात खाट ओढून घेतली होती, उजेडासाठी. मी गोधडी तिच्या पुढ्यात उलगडली. तिनं मान हळूहळू फिरवत, एकेक तुकडा नजरेसमोर आणत बघितलं. आताशा तिला नळीतून बघावं तेवढंच, समोरचं थोडं दिसतं.

"जांभळं दिसतंय," ती म्हणाली. "लई नाय, पर दिसतंय."

मग तिनं हात फिरवायला सुरुवात केली. माझ्या चौकोनांवरून, ज्यांच्यासाठी मी आठ दिवस जीव काढला होता, तिचा हात कुठंही न थांबता सरळ गेला. काठाला लागला तेव्हा थांबला. मग ती काठाकाठानं निघाली. वरची बाजू, डावी बाजू. मी उगाच बोलायला लागलो, की जरा तोकडी झाली, माझ्या हातून चूक झाली, काठसुद्धा सरळ नाही. ती ऐकत नव्हती. पायाकडं पोचली, कोपऱ्याजवळ आली आणि तो फुगलेला, टोचणारा तुकडा तिच्या बोटांखाली आला.

"हे ठिवलंस व्हय," आक्का म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "मला वाटलं, तू मापाचा माणूस, हे काढून टाकशील."

मी काढलंच होतं. "ते काय आहे, आक्का?"

"माझे टाके हायेत. पयले. धा-अकरा वर्साची आसंन."

"फाटलं कशानं?"

"तू फाडलंस. आईला दवाखान्यात न्यायला बैलगाडी आली हुती दारात. समदे तुला उचलत हुते अन् तू काठ सोडंनास. बोटं उघडली तरी परत धरायचास. शेवटी लुगडंच फाटलं. ती दुसरं नेसून गेली, हे माझ्याजवळ दिलं. म्हणाली, शिवून ठिव, आल्यावर नेसते."

ती आली नाही, हे मला माहीत होतं. बाकीचं काहीच माहीत नव्हतं.

"मी धरलं होतं तिला?"

"धरलं हुतं म्हंजी? सोडतच नव्हतास."

मी खाटेवर तिच्या शेजारी बसलो. आक्कानं माझा डावा हात घेतला आणि त्या टाक्यांवर नेऊन ठेवला. मी तिथं काठ मुठीत धरून बघितला. माझी मूठ आता त्या जागेला फार मोठी होते.